काळी पुस्तकं आणि चाळीस वर्षांचा हप्ता : ट्रॅव्हलर प्रकल्पाच्या नोंदी

१४ जून २०२५

प्रकल्प असा: छपाईतून केव्हाच गेलेला एक टेबलटॉप आरपीजी (एकेका पात्राची भूमिका घेऊन टेबलाभोवती फाशांनी खेळायचा खेळ) निवडायचा, पुस्तकात आहे तसा खेळायचा आणि काय घडतं ते इथे लिहायचं. ‘हा नियम जरा विचित्रच आहे, त्यापेक्षा आपण असं करू’ हे वाक्य गणपतीपर्यंत टेबलावर बंद. जुन्या खेळांवरच्या गप्पांचा मला कंटाळा आलाय, कारण त्या बहुतेक नुसतं वाचून मारलेल्या असतात. पुस्तक चाळायचं, दोन तक्ते बघून हसायचं, मग आपल्या सोयीचे चार नियम घुसवून ‘जुनी मजा’ म्हणत खेळायचं. त्यात जुना खेळ उरतो कुठे?

मंडळी ठरली आहेत. भाचा (आजच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सवर, म्हणजे डी अँड डीवर वाढलेला), त्याची वर्गमैत्रीण (इंजिनियरिंग, शेवटचं वर्ष), माझी कॉलेजपासूनची मैत्रीण (डॉक्टर, रविवारीही फोन बंद न करणारी) आणि शेजारचे काका. काका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेत. ब्रिजचा चौथा मिळत नाही म्हणून आमच्याकडे येतात. पुढे हे फारच उपयोगी पडेल असा माझा अंदाज आहे.

पहिला उमेदवार अर्थातच १९७४ चं डन्जन्स अँड ड्रॅगन्स. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेल्या तीन छोट्या तपकिरी पुस्तिका, पहिली छपाई १,००० प्रतींची. पण त्यात मारामारीसाठी ‘चेनमेल’ बघा म्हणतात आणि रानावनातल्या प्रवासासाठी अ‍ॅव्हलॉन हिलच्या ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’चा नकाशा वापरा म्हणतात. एक खेळ खेळायला आणखी दोन जुने खेळ हवेत. शिवाय त्याचे इतके वारसदार निघालेत की भाच्याला प्रत्येक नियमाचा सुधारित पाठ आधीच पाठ आहे. बाद.

१९ जून

दुसरा उमेदवार ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’, टीएसआर (डी अँड डी काढणारीच कंपनी), १९७५. यावर माझा जीव होता. लेखक एम. ए. आर. बार्कर मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाचे प्राध्यापक. उर्दूची पाठ्यपुस्तकं त्यांनी लिहिली आणि ‘टेकुमेल’ या जगासाठी अख्ख्या भाषा रचल्या, व्याकरणासकट. त्या काळातल्या बाकी खेळांमध्ये युरोपातले किल्ले आणि सरदार भरलेले असताना इथे घराणी, देवळं, अब्रू, जमिनीखालची जुनी शहरं. धातू दुर्मिळ, म्हणून चिलखतं एका प्राण्याच्या कातड्याची. खेळाडू सुरुवातीला जकाल्ला बंदरात उतरलेले परके, ज्यांना शहरात मोकळं फिरायचीही मुभा नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या खेळात ही समज होती.

आणि मग दुसरी बाजू. बार्कर २०१२ मध्ये गेले. २०२२ मध्ये त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशननेच जाहीर केलं की १९९१ मध्ये टोपणनावाने आलेली एक नवनाझी कादंबरी बार्कर यांचीच, आणि ज्यूंचा संहार नाकारणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावरही ते होते.

संध्याकाळी हे चौघांना सांगितलं. मैत्रीण म्हणाली, “अगं, खेळ चांगला आहे म्हणतेस ना? मग माणूस बाजूला ठेव.” भाचा म्हणाला, “मावशी, मग त्या जगातली प्रत्येक टोळी, प्रत्येक गुलाम मी वेगळ्या नजरेने बघणार.” मला भाच्याचं पटलं. पुस्तक जाळा, विसरा असं मी म्हणत नाही. ते वाचायला हवं, त्या माहितीसकट. पण दर रविवारी चार तास ज्याच्या जगात राहायचं, त्याच्या डोक्यात काय होतं हे माहीत असताना मला तिथे मोकळेपणी राहता येणार नाही. बाद.

२२ जून

ट्रॅव्हलर. ठरलं.

गेम डिझायनर्स वर्कशॉप, म्हणजे जीडीडब्ल्यू. इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल नावाच्या गावची कंपनी, १९७३ मध्ये सुरू झाली, १९९६ मध्ये बंद पडली. मार्क मिलर यांनी लिहिलेला हा खेळ १९७७ मध्ये आला: एका खोक्यात तीन काळ्या पुस्तिका, मुखपृष्ठावर चित्र नाही, फक्त नाव आणि एक लाल रेघ. पहिलं पुस्तक माणसं आणि लढाई, दुसरं याने, तिसरं ग्रह. नंतर या नावाच्या अनेक आवृत्त्या आल्या आणि आजही नवी आवृत्ती छापली जाते, पण मला हव्या आहेत त्या याच तीन. आम्ही १९८१ चा सुधारित पाठ घेतोय. मूळ खोकं मागवायचा विचार दहा मिनिटं केला, पोस्टेज आणि कस्टम्सचा आकडा बघितला आणि पीडीएफ विकत घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून पुस्तिका बांधून घेतल्या. त्याने काळं कव्हर लावलं, लाल रेघ मी स्केचपेनने मारली.

पीडीएफ मिळते हेही गृहीत धरू नये. २००९ मध्ये डी अँड डीची आताची मालक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने त्याच्या सगळ्या जुन्या पीडीएफ एकाएकी विक्रीतून काढल्या होत्या. २०१३ मध्ये परत आणायला सुरुवात केली. मधली चार वर्षं ती पुस्तकं डिजिटल रूपातही ‘छपाईबाहेर’ होती.

२९ जून

पात्रं तयार करायची बैठक. ही नोंद लांबणार.

ट्रॅव्हलरमध्ये पात्र बनवणं हाच एक जुगार. दोन फासे टाकून सहा गुण काढायचे: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शिक्षण आणि सामाजिक प्रतिष्ठा. मग अठराव्या वर्षी नोकरीला लागायचं. नौदल, मरीन, आर्मी, स्काउट, व्यापारी जहाजं किंवा ‘इतर’. भरतीचा फासा चुकला तर सक्तीची भरती, जिथे पाठवतील तिथे. नोकरी चार-चार वर्षांच्या मुदतीची. प्रत्येक मुदतीत आधी ‘तगलात का’ हा फासा, मग बढती, मग कौशल्यं. तगला नाहीत तर मेलात. खेळ सुरू होण्याआधी. १९८१ च्या पाठात ‘मरण्याऐवजी जखमी होऊन नोकरी सोडली’ असा पर्याय दिलाय, पण तो ऐच्छिक आहे, आणि आम्ही घेतला नाही.

भाच्याने स्काउट निवडलं, कारण स्काउटला निवृत्तीनंतर यान मिळू शकतं. स्काउटला तगायला दोन फाशांवर ७ हवेत. ३६ पैकी २१ वेळा पडतात, म्हणजे दर मुदतीला मरायची शक्यता जवळपास ४२ टक्के. दम ९ किंवा जास्त असेल तर दोनाची भर मिळते. भाच्याचा दम ५. पहिल्या मुदतीत तगला. दुसऱ्या मुदतीत ४ पडले. भाचा फाशांकडे बघत बसला. “म्हणजे? गेला?” “गेला.” “मावशी, मी त्याला नाव दिलं होतं.”

दुसरं पात्र त्याने नौदलात घातलं आणि बिनतक्रार वैमानिक झाला. वर्गमैत्रीणही नौदलातूनच इंजिनियर होऊन बाहेर पडली. मैत्रिणीचं पात्र ‘इतर’मध्ये गेलं, म्हणजे नियमांच्या भाषेत काहीही, आणि मेडिकल-२ घेऊन आलं. नियमानुसार डॉक्टर म्हणवून घ्यायला मेडिकल-३ लागतं. खऱ्या आयुष्यात वीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या बाईला हे वाचून दाखवताना मला फार आनंद झाला.

काकांनी व्यापारी जहाजं निवडली. सहा मुदती काढल्या. चौतिसाव्या वर्षापासून दर मुदतीला म्हातारपणाचा फासा पडतो, त्यात त्यांचा दम आणि चपळाई एकेकाने घटली. “बरोबर आहे,” काका म्हणाले. कॅप्टनपदापर्यंत पोहोचले, म्हणून निवृत्तीच्या लाभाच्या तक्त्यावर एकाची भर मिळाली, आणि सहा पडले. सहा अधिक एक सात: फ्री ट्रेडर, म्हणजे छोटं मालवाहू यान. यान मिळालं! शिवाय सहा मुदतींची पेन्शन, वर्षाला ६,००० क्रेडिट (खेळातलं चलन). काकांनी त्याची तुलना स्वतःच्या ईपीएसशी केली आणि यापुढे पेन्शनवर बोलायचं नाही असं सांगितलं.

बघा काय झालंय: टेबलावर सरासरी वय चाळीसच्या आसपास असलेली चार निवृत्त माणसं. या खेळात अनुभवाचे गुण नाहीत, पातळ्या नाहीत. जे शिकायचं ते जवळपास शिकून झालंय. वाचताना मला ही उणीव वाटायची. पण आज विशीतली दोन मुलं आपापल्या पात्रांच्या सांधेदुखीवर बोलत होती, आणि “आता आपण पुढे कोण होणार” हा प्रश्न कुणी विचारला नाही. “आता करायचं काय” एवढाच विचारला.

४ जुलै

नकाशा एकटीने काढला. सबसेक्टर म्हणजे आठ बाय दहा, ऐंशी षटकोन. प्रत्येकावर एक फासा, ४ किंवा जास्त पडलं तर तिथे ग्रह. मग प्रत्येक ग्रहाला अक्षरं-आकड्यांची एक ओळ: बंदराचा दर्जा, आकार, हवा, पाणी, लोकसंख्या, सरकार, कायदा, तंत्रज्ञान. लोकसंख्येचा आकडा दहाचा घात आहे: ३ म्हणजे हजारो, ६ म्हणजे दशलक्षावधी, ९ म्हणजे अब्जावधी.

मूळ पुस्तकांत तयार विश्व नाही. पुढे प्रसिद्ध झालेलं ते मोठं साम्राज्य नंतरच्या पुस्तकांत भरत गेलं. इथे फक्त फासे आहेत, आणि फासे वेडगळ उत्तरं देतात. उदाहरणार्थ, आमच्या नकाशाच्या मध्यावरचा एक लहान दगड: हवा शून्य, पाणी शून्य, वस्ती काही हजार, कायदा ९ (घराबाहेर कोणतंही हत्यार नेता येत नाही), बंदर ड दर्जाचं, तंत्रज्ञान ५, म्हणजे ढोबळमानाने विसाव्या शतकाचा पूर्वार्ध. हवा नसलेल्या जागी, रेडिओच्या काळातल्या यंत्रांवर हजारो माणसं जगतात कशी?

वाचताना हा तक्ता मोडका वाटतो. खेळ चालवायला बसलं की प्रश्न उलटा होतो: त्यांना प्राणवायूची यंत्रं कोण पुरवतं, आणि तो बदल्यात काय मागतो? कायदा ९ का, हेही लगेच कळतं. भिंतीला एक गोळी लागली की सगळे मरणार. अर्धा तास मी नुसती त्या दगडाचा विचार करत होते.

आणखी एक गोष्ट. काकांचं यान एका उडीत (ताऱ्यांमधल्या एका झेपेत) एकच षटकोन जातं. त्यामुळे शेजारी-शेजारी असलेल्या ग्रहांची जी साखळी पडली तेवढंच आमचं जग. दोन रिकाम्या षटकोनांपलीकडे एक श्रीमंत, अब्जावधी वस्तीचा ग्रह आहे, तो नकाशात दिसतो आणि आम्हाला कधीच गाठता येणार नाही.

१३ जुलै

पहिला खेळ. पहिला महिना.

उडीला आठवडा लागतो, ग्रहावर साधारण आठवडा जातो, म्हणजे महिन्याला दोन फेऱ्या. मी वातावरण तयार करून आणलं होतं: धुकं, बंदरातली भांडणं, एक संशयास्पद प्रवासी. काकांनी दुसरं पुस्तक मागून घेतलं, वही काढली आणि विचारलं, “माल किती आहे?”

बाकीची संध्याकाळ माल, प्रवासी आणि इंधन यांत गेली. मालाचे ढीग फोडता येत नाहीत, तीस टनांचा असेल तर तीसच्या तीस न्यायचा. ८२ टनांच्या पोटात तो बसवायचं काम वर्गमैत्रिणीने घेतलं.

पहिली फेरी: हाय पॅसेजचे (खोली आणि सेवा) २, मिडलचे (स्वस्तातली खोली) २, लो बर्थचे (गोठवून नेलेले) ६, माल ४५ टन. जमा ८७,०००. खोल्यांचा जीवरक्षक खर्च, इंधन, बंदर-भाडं मिळून ३१,७००. दुसरी फेरी लहान ग्रहावरून, तिथे फारसे प्रवासीच नाहीत: मिडल १, लो ३, माल ३१ टन. जमा ४२,०००, खर्च १३,४०० (शुद्ध इंधन मिळालं नाही, स्वस्तातलं भरलं). महिन्याची शिल्लक ८३,९००. मालक स्वतःच कामाला, म्हणून पगार नाहीत.

यानाचा हप्ता १,५४,५००.

सगळ्यांची मिळून साठवण ९०,००० होती. हप्ता भरून हातात १९,४०० राहिले. संशयास्पद प्रवाशाला मी कधी बोलायलाच लावलं नाही, गरज पडली नाही. निघताना भाचा काकांना म्हणाला, “काका, तुम्ही त्या रिकाम्या खोल्या कशाला ठेवल्या?” आणि जिन्यात दोघांचं यावर भांडण चालू होतं.

१५ जुलै

काकांनी आज सकाळी कागद आणून दिला. नोंदीत ठेवण्यासारखा आहे.

यानाची रोख किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट. २० टक्के आधी, मग रोख किमतीचा २४० वा भाग दरमहा, ४८० महिने. म्हणजे एकूण किमतीच्या २२० टक्के. काकांनी उलटं गणित करून दर काढला: वर्षाला साधारण ५.६ टक्के. “दर उत्तम आहे. आपल्याकडे घराला या दराने कर्ज मिळत नाही. मुदत मारते.” कॅप्टन ४२ वर्षांचा, कर्ज संपेल तेव्हा ८२. “मी हे कर्ज मंजूर केलं नसतं,” त्यांनी खाली लिहिलंय, आणि सही केली आहे.

यान दोन्ही फेऱ्यांत पूर्ण भरलं तर महिन्याला ३,२४,००० जमा होतात आणि सगळं जाऊन नव्वद हजारांच्या वर उरतात. पण साधारण ७० टक्क्यांच्या खाली भरलं की तोटा. आमच्या साखळीतले अर्धे ग्रह इतक्या कमी वस्तीचे की ७० टक्के भरणं नशिबाचं काम.

हे आकडे योगायोगाने पडलेले नाहीत असं माझं ठाम मत झालंय. भाडं इतकं बसवलंय की प्रामाणिक मालवाहतुकीवर यान जेमतेम तरंगतं आणि एका वाईट महिन्यात बुडतं. खेळाडूंना साहसाकडे ढकलायला रेफरीने (खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे इथे मी) काही करायची गरजच नाही, हप्ता ढकलतो. नंतरच्या काळात अनेक टेबलांवर हा हिशेब ‘कंटाळवाणा’ म्हणून गाळला जातो. गाळला की मग साहसाचं कारण रेफरीला बाहेरून आणावं लागतं: राजकन्या, भविष्यवाणी, जगाचा नाश. इथे कारण वहीत आहे, तारखेसकट.

२७ जुलै

लो बर्थ.

श्रीमंत माणूस १०,००० देऊन हाय पॅसेजने जातो, खोली आणि स्टीवर्डची सेवा मिळते. गरीब १,००० देऊन गोठवून घेतो. पोहोचल्यावर प्रत्येकासाठी दोन फासे, ५ किंवा जास्त हवेत. नाहीतर तो उठत नाही. सहातला एक मरतो. वैद्यकीय कौशल्य २ किंवा जास्त असलेला माणूस हजर असेल तर एकाची भर, मग बारातला एक.

वाचताना हे काळं हसू आहे. आज सहा जण होते, फासे मैत्रिणीने टाकले. चार उठले. पाचव्याला ३ पडले, एक धरून ४. सहावा उठला.

मैत्रीण गप्प. मग म्हणाली, “यांची संमती कोणी घेतली होती?” कुणीच नाही. “कागद आहे का? नातेवाईक कोण? बंदरावर कळवायचं कुणाला?” नियमांत यातलं काही नाही, आणि मी म्हटलं की नाही. ती म्हणाली, “मग आपण करू. दुरुस्ती नाही ना ही? माझं पात्र करतंय.” बरोबर होतं तिचं. अर्धा तास त्या मेलेल्या माणसाच्या सामानात गेला.

आणि मग लॉटरी. पुस्तकात आहे: लो बर्थच्या प्रत्येक तिकिटातले १० क्रेडिट बाजूला काढतात, प्रवासी किती जण जगतील याचा अंदाज लावतात, बरोबर येईल त्याला पैसे. जिंकणारा मेला असेल तर पैसे कॅप्टनचे. मी निघण्याच्या वेळी सहा जणांचे अंदाज फाशाने काढून ठेवले होते. ‘पाच’ म्हणणारा एकच होता आणि तो मेलेलाच निघाला.

साठ क्रेडिट. काकांनी पेन खाली ठेवलं. “हे कोणत्या खात्यात टाकू?” भाचा म्हणाला, “इतर उत्पन्न.” काका त्याच्याकडे ज्या नजरेने बघत राहिले, ती तो विसरेल असं वाटत नाही. शेवटी ‘अनामत, नातेवाईक मिळेपर्यंत’ असं नवं खातं उघडलं. पुढच्या महिन्यापासून लो बर्थ घ्यायचे की नाही यावर मत घेतलं. पूर्ण भरले तर फेरीला वीस हजार मिळतात. घ्यायचे ठरलं. मैत्रिणीने विरोधात मत दिलं आणि मग स्वतःच मशीन तपासायची यादी करायला बसली.

१० ऑगस्ट

दुसरा महिना सट्ट्यावर निभावला. पहिल्या फेरीनंतर ७९,४०० हातात. शेतीप्रधान ग्रहावर दारू स्वस्त, श्रीमंत ग्रहावर महाग, हे मालाच्या तक्त्यात आहे. मूळ भाव टनाला १०,०००, खरेदीचा फासा ७० टक्क्यांचा पडला. १० टन घेतले, ७०,००० गेले. हातात नऊ हजार चारशे. बंदर क दर्जाचं, शुद्ध इंधन नाहीच. अशुद्ध इंधनावर उडी भरकटायची शक्यता छत्तीसात एक, आणि भरकटली तर एक फासा सांगतो किती फासे टाकायचे आणि तेवढे षटकोन कुठल्याही दिशेला. बाराच पडायला नको होते. भाच्याने टाकले, अकरा.

पलीकडे दलालाला १० टक्के कबूल करून भाव १३० टक्क्यांवर नेला. १,३०,००० मधून १३,००० दलालाचे. वाहतुकीचे ४१,००० निव्वळ मिळाले. हप्ता भरून शिल्लक १२,९००. टाळ्या पडल्या. हप्ता भरल्याबद्दल टाळ्या!

लढाईची एक छोटी नोंद इथेच उरकते, कारण ती खेळातही तेवढीच टिकली. दारूच्या गोदामाबाहेर दोघांनी अडवलं. पिस्तुलाची इजा तीन फासे, सरासरी साडेदहा. पहिल्या जखमेचा सगळा आकडा ताकद, चपळाई, दम यांपैकी एकावर पडतो, आणि तो गुण सरासरीने सात असतो. पहिली गोळी लागली, भाचा आडवा. वर्गमैत्रिणीने पाकीट काढून दिलं. त्यानंतर कुणी बंदुकीचं नाव काढलेलं नाही. याच पुस्तकात यानाच्या संगणकाचं वजन एक टन आहे, त्यावर मात्र ती दोघं मनसोक्त हसून घेतात.

२४ ऑगस्ट

तिसरा महिना. वार्षिक देखभाल आली. किमतीचा हजारावा भाग, ३७,०८० क्रेडिट, आणि अ किंवा ब दर्जाच्या बंदरात दोन आठवडे. पैशापेक्षा ते दोन आठवडे महाग, एक पूर्ण फेरी जाते.

एका फेरीत ५२,००० मिळाले. मागचे धरून ६४,९००. देखभाल केली तर २७,८२० उरतात आणि हप्त्याला १,२६,६८० कमी. नाही केली तर इंजिन दगा देऊ शकतं, आणि तरीही हप्त्याला पुरत नाहीच. काका म्हणाले, देखभाल आधी. “तारण जपायचं. बँकेलाही तेच हवं असतं.”

गणपती बसताहेत, दोन आठवडे सुट्टी. हप्त्याची तारीख आम्ही परत येऊ त्या रविवारी.

१४ सप्टेंबर

बंदी उठली आहे. ठरल्याप्रमाणे विचारलं: कोणता नियम बदलायचा? भाच्याने त्या ऐच्छिक तगण्याच्या नियमाचं नाव घेतलं, तेही पुढच्या पात्रांसाठी. बाकी कुणी काही मागितलं नाही.

मग हप्ता. पुस्तकात कर्ज बुडवून पळण्याचेही नियम आहेत: प्रत्येक नव्या ठिकाणी पोहोचल्यावर जप्तीवाले गाठतात का याचा फासा, घरापासून जितके दूर तितका धोका कमी. भाचा, वर्गमैत्रीण आणि मैत्रीण पळण्याच्या बाजूने. काका एकटे विरोधात.

“आम्ही पुनर्रचनेचा अर्ज देऊ,” काका म्हणाले.

“काका, तसा नियमच नाहीये पुस्तकात.”

“मग पुस्तक कर्जदाराने लिहिलंय.”

या आठवड्यात फाशाने एक गिऱ्हाईक दिलं होतं: तस्कर. हवा नसलेल्या त्या दगडावर एक पेटी न्यायची, आत काय ते विचारायचं नाही, मोबदला ठीक एका हप्त्याएवढा. कायदा ९. मैत्रीण पेटी उघडून बघितल्याशिवाय न्यायला तयार नाही. वर्गमैत्रिणीने दाखवून दिलं की तो दगड आमच्या साखळीच्या मध्यावर आहे. तिथे पकडलो गेलो तर दोन्ही बाजूंची वाट तुटते, आणि पळायचं असेल तरी जायचं तिथूनच.

काका शेवटी पेटीला हो म्हणाले, दोन अटींवर. पेटी मैत्रीण उघडणार. आणि मोबदला आला की आधी थकबाकी, मग बाकीचं. “तीन थकले की खातं एनपीए. अजून एकच थकलाय.” भाच्याने पेटीत काय असेल त्याच्या शक्यता लिहून मला दिल्या आहेत, त्यातल्या दोन माझ्या विचारापेक्षा चांगल्या आहेत. पुढच्या रविवारपर्यंत ठरवायचंय.